पान सतरावरचा नकार

दि. ९ ऑक्टोबर, सकाळी दहा

चि. टिपकागद हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही येथे ठीक आहोत, असे लिहिण्याची पद्धत आहे. पण ‘आम्ही’ म्हणजे मी एकटाच असल्यामुळे एकवचनात लिहितो. मी ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे. समोरच्या इमारतीला रंग देणे चालू असल्यामुळे पंधरा दिवस खिडकी बंद आहे आणि दिवसाही दिवा लावून वाचावे लागते.

तुझ्या संयुक्त प्रबंधाचा तिसरा खर्डा सोमवारी पोहोचला. एकशे बारा पाने वाचली. लहानपणी कानावर पडेल ते टिपून घ्यायचीस, म्हणून तुला हे नाव दिले होते. ती सवय सुटलेली नाही, हे तळटिपांवरून दिसते. दुरुस्त्या पेन्सिलीने केल्या आहेत. शुद्धलेखन बरे आहे. मात्र उत्तरार्धात वाक्ये लांबत गेली आहेत. दमलेल्या माणसाची वाक्ये लांब होतात. त्याला थांबायचे कुठे, ते सुचत नाही.

तुझी आई सांगत होती की मंगळवारी तू बसमध्ये झोपलीस आणि शेवटच्या थांब्यावर चालकाने उठवले. सकाळी एका इमारतीत मानसशास्त्र, दुपारी दुसऱ्या इमारतीत व्यवस्थापन, मधल्या वीस मिनिटांत चालता चालता डबा. मानसशास्त्रवाल्यांना तू व्यवस्थापनाची वाटतेस, व्यवस्थापनवाल्यांना मानसशास्त्राची, आणि दोघेही एकाच संध्याकाळी निबंध मागतात. हे तू हसत सांगतेस. तुझ्या आईने ते हसल्याशिवाय सांगितले.

ही दुहेरी पदवी माझ्या डोक्यातून निघालेली आहे, हे मी विसरलेलो नाही. तुझ्या बाबांना व्यवस्थापन हवे होते, तुला मानसशास्त्र. आठवडाभर घरात अबोला होता. मी म्हणालो, ‘‘दोन्ही कर. हल्ली तशी सोय असते म्हणे.’’ बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या तोडग्याचे कौतुक झाले. तू एवढेच विचारलेस, ‘‘पण आजोबा, दिवस एकच मिळणार ना?’’ आम्ही सगळे हसलो. तू विनोद केला नव्हतास, हे मला चौथ्या वर्षी कळते आहे.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, ‘‘आता नाही होत. एक सोडते. कोणतं, ते तुम्ही सांगा. बाबा म्हणतील ते फायद्याचं, आई म्हणेल ते झेपेल ते. तुम्ही छापखान्याच्या मालकाला तोंडावर नाही म्हणालात. तुमचं मी ऐकेन.’’

मी ‘विचार करून कळवतो’ म्हणालो. त्या विचारासाठीच हे पत्र लिहायला घेतले आणि दीड पान इकडचे तिकडचे लिहिले. थोडा पडतो.

दुपारी चार

झोप लागली नाही. पुढचे सरळ लिहितो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू माझी मुलाखत घेतलीस. टेबलावर फोन ठेवलास, संमतिपत्रावर माझी सही घेतलीस आणि विचारलेस, ‘‘कामावर असताना घेतलेला सर्वांत अवघड निर्णय कोणता?’’ मी सांगितले, की छापखान्यात संगणक आले तेव्हा मालकांनी मला बोलावले, माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि आमच्या खोलीतून कमी करायच्या माणसाचे नाव लिहायला सांगितले. मी कागद परत सरकवला आणि म्हणालो, ‘‘आधी माझं नाव लिहा.’’ मालक ओशाळले आणि माझा मित्र वाचला.

हे तुझ्या प्रबंधाच्या सतराव्या पानावर आहे. नकार देताना माणसाच्या मनात काय घडते, हे त्यावरून तू मानसशास्त्रासाठी मांडलेस. एका नकाराने संस्थेवरचा विश्वास कसा वाढतो, हे व्यवस्थापनासाठी. दोन्ही शिक्षकांना पटलेले तुझे हे पहिलेच काम. तू म्हणालीसही, ‘‘आजोबा, तुमच्यामुळे माझी दोन डोकी एका धडावर बसली.’’ माझ्या त्या वाक्यावर चाळीस पाने उभी आहेत. तिन्ही खर्ड्यांत मी त्या पानावरून पेन्सिल फिरवली, अनुस्वार दिले, एक स्वल्पविराम हलवला. मजकूर खोटा आहे, एवढी खूण मात्र समासात केली नाही.

कागद मी सरकवला नाही. त्यावर नाव लिहिले.

मालक म्हणाले होते, ‘‘तुम्ही दोघे जुने. एकालाच ठेवता येईल. कोण जाणार ते तुम्हीच लिहा. पत्रही तुम्हीच तयार करा, तुमची भाषा चांगली आहे.’’ दोघे म्हणजे मुद्रितशोधक मी आणि जुळारी तो. शिशाचे खिळे जुळवण्यात त्याची हयात गेली. अंगकाठीही तशीच, म्हणून सगळे त्याला ‘खिळा’ म्हणत. एकोणीस वर्षे आम्ही एका बाकावर बसून डबा खाल्ला. मी त्याचे नाव लिहिले. पत्रात कारण दिले : ‘कामातील वाढती दिरंगाई’. दिरंगाई नव्हती. तुझे बाबा तेव्हा शाळेत होते, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. त्याच्याही दोन मुली शाळेत होत्या.

पत्र घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला. उभ्यानेच दोनदा वाचले. म्हणाला, ‘‘एकही चूक नाही यात. मालकाला एवढं शुद्ध येत नाही रे.’’ मग डबा उचलून गेला. त्यानंतर मी त्या खोलीत अठरा वर्षे नोकरी केली.

तुझ्याशी खोटे का बोललो? तू इतक्या उत्सुकतेने बसली होतीस, की मला त्या गोष्टीत तसा माणूस असावा असे वाटले. सुट्टीतला अभ्यास आहे, फायलीत जाईल, असेही वाटले. दुसरे कारण पहिल्याहून वाईट आहे.

त्यावर मी आणखी एक खोटे रचले. गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, ‘‘तुम्ही ज्यांना वाचवलंत, त्यांना भेटायचंय. त्यांची बाजू आली की झालं माझं.’’ मी म्हणालो, ‘‘तो गेला.’’ तू माझे सांत्वन करू लागलीस. एवढी दमलेली असून दहा मिनिटे केलेस. ते मला सोसले नाही.

परवा मी त्याच्याकडे गेलो. तो हयात आहे. जुन्या पत्त्यावरच राहतो. दोन बस बदलाव्या लागतात, पाऊण तास. थोरल्या मुलीने दार उघडले. तिने मला ओळखले नाही, ते बरे झाले. तो घड्याळाचे सुटे भाग एका डबीत लावत बसला होता. छापखाना सुटल्यावर तो घड्याळे दुरुस्त करायला शिकला. मान वर करून म्हणाला, ‘‘काय रे, चूक सापडली वाटतं. छत्तीस वर्षं लागली.’’

मी तुझ्याबद्दल, प्रबंधाबद्दल, सतराव्या पानाबद्दल सांगितले. तो बराच वेळ हसला.

‘‘म्हणजे कागदावर मी अजून नोकरीतच आहे?’’

‘‘निवृत्त झाला असशील,’’ मी म्हणालो.

‘‘मग निरोपाचा हार तरी घातलास का मला?’’

त्याने चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाला, ‘‘पोरीला पाठव. झालं ते सांगेन. पण तू यायचं नाहीस.’’

‘‘माझ्यासमोर बोलणं तुला जड जाईल, कळतं मला.’’

‘‘तुला काय कळतं? तू बसलास की मी तुला सांभाळून बोलेन. तिला काय उपयोग त्याचा?’’

क्षमा केलीस का, असे मी विचारले नाही. त्याने तो विषय काढला नाही. निघताना मला जिन्यातला दिवा मात्र लावून दिला.

प्रबंध सादर करायला सहा आठवडे आहेत, हे मला माहीत आहे. माझी मुलाखत काढली तर चाळीस पाने जातील आणि कदाचित वर्षही पुढे जाईल. तुझ्या दोन्ही शिक्षकांच्या नावे एक पत्र सोबत जोडले आहे. मुलाखतीत मी असत्य सांगितले, विद्यार्थिनीला त्याची कल्पना नव्हती, एवढाच मजकूर आणि माझी सही आहे. ते दिल्याशिवाय प्रबंध सादर करू नकोस. आज तुला काही सांगण्याचा अधिकार मला उरला असेल तर तो एवढ्यापुरता वापरतो.

कोणते सोडू, याचे उत्तर मात्र देणार नाही. माझ्यापुढे दोन नावे ठेवून एक निवडायला सांगावे, असा माणूस मी नाही. हे आता तुला कळले आहे. दोन्ही चालू ठेव, असेही म्हणत नाही. तुझा दिवस मी एकदा तुला न विचारता वाटून टाकला, तेवढे पुरे. एक सोड, दोन्ही सोड, सहा महिने घरी बसून नुसती झोप काढ. तुझ्या बाबांशी मी बोलेन. तुला राग आला असेल, तर तोही आधी झोप झाल्यावर धर. अर्धवट झोपेत धरलेला राग माणूस स्वतःवरच काढतो. हे तुझ्या पुस्तकात असेल किंवा नसेल.

पाठीमागे त्याचा पत्ता लिहिला आहे. दुसरा मजला, घंटा चालत नाही, दार वाजवावे लागते. शनिवारी सकाळी अकराला तो तुझी वाट पाहील.

तिथून उठल्यावर मला फोन करायलाच हवा असे नाही. मी वाट पाहणार नाही, असे या ओळीत लिहिले होते. ते खोडले आहे.

तुझा,
आजोबा