खालचा सूर

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय भोंगाबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही उघडलंस, त्याबद्दल आधी आभार.

मी बरी आहे. आईंचे गुडघे काय म्हणतात? जिना चढतात का अजून, की खालूनच हुकूम सोडतात? तुझा दादा, नवी वहिनी, त्यांचा मुलगा, सगळे मजेत असतील. टोमणा नाही हा. मजेत असावेत असंच वाटतं.

माझं काम तेच, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. हात चालतात, चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय. आता रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की आधी दात बघते, मग चेहरा.

लिहायचं कारण म्हणजे आपला शिडीवाला अल्बम. त्या बँडवाल्या चौघांनी तो पुन्हा बाजारात आणलाय. लॅबच्या कोपऱ्यावर रेकॉर्डचं दुकान आहे, त्याच्या काचेत कव्हरवरची ती निळी शिडी दिसली आणि मी भर रस्त्यात गपकन थांबले. मागची बाई येऊन आदळली. "थांबायचं तर सांगून थांबा की हो!" म्हणाली. पंचवीस वर्षं झाली म्हणे त्याला. मला वाटत होतं, झाली असतील पंधराएक. दुकानदाराला कॅसेट आहे का विचारलं, तर तो नुसता हसला मेला. मग फोनवरच ऐकला. जेवणाच्या सुट्टीत, लॅबमध्ये एकटी, पुढ्यात तीन कवळ्या.

खरं सांगू? पहिली दोन गाणी ऐकून लाज वाटली. ह्याच्यासाठी आपण आईंची बोलणी खाल्ली? गाणारा नुसता बेंबीच्या देठापासून ओरडतोय, आणि त्या ड्रमवाल्याला कुणीतरी आवरायला हवं होतं. तिसरं जरा बरं. मग चौथं सुरू झालं, ते संथ, एकट्या गिटारवर उचलतात ते, आणि माझ्या हातातली मेण कोरायची सुरी खाली पडली.

लग्न होऊन आले तेव्हा मला ह्या गाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तू कॉलेजातून आलीस की बॅग भिरकावायचीस आणि जिन्यातूनच हाक, "वहिनी, वर ये!" तुझ्या त्या टेपचं झाकण बसत नसे, म्हणून त्यात बसच्या तिकिटाची घडी खुपसायची. पलंगाला पाठ टेकून दोघी जमिनीवर. चौथ्या गाण्यात दोन आवाज आहेत हे तूच मला दाखवलंस. म्हणालीस, "तू वर जाऊ नकोस बाई, फाटतेस. खाली राहा, वर मी जाते." आणि वर गेलीस की असली जायचीस की आई खालून ओरडायच्या, "कुणी मेलंय का गं वर?" "अजून नाही!" म्हणून तू परत तिथूनच सुरू. भोंगा नाव काही उगाच नाही पडलं.

त्या घरात मला कुठे आपलं वाटलं असेल तर त्या खोलीत. तुझ्या दादाचं नि माझं काय बिनसलं ते तू बघितलंच आहेस. तो वाईट नव्हता, मीही नव्हते. पण जेवायला बसलो की भाजीत मीठ आहे-नाही एवढं झालं की आमचं बोलणं संपायचं. तुझ्याशी मात्र बोलून संपत नसे.

बरं, पुढची गंमत ऐक. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, तरणतलावावर पोहायला शिकवतात. मीही शिकले, हसू नकोस. मी कायम काहीतरी गुणगुणते हे त्यांनी बरेच दिवस ऐकलेलं. म्हणून परवा हौसेने त्यांना चौथं गाणं ऐकवलं. म्हटलं, "ओळखा पाहू."

"नवीन दिसतंय. छान आहे."

"अहो, नवीन कसलं? रोज तर ऐकता!"

"छे, तुमचं वेगळं असतं."

मी म्हटलं, कान तपासून घ्या, क्लोरीनचं पाणी गेलंय त्यांत. ते म्हणाले, म्हणून दाखवा. मी गाऊन दाखवलं. ते हेका सोडेनात. शेवटी चिडून मी तेवढंच गाणं परत लावलं आणि नीट ऐकलं. तो बरोबर होता. मी इतकी वर्षं म्हणतेय तो नुसता खालचा सूर. खरी चाल मला येतच नाही. ती तू म्हणायचीस, मला कधी म्हणावीच लागली नाही.

(हो, "तो". गृहस्थ-गृहस्थ तरी किती वेळ करणार?)

नव्या वहिनीला शिकवलंस का गं ते गाणं? विचारू नये, पण विचारते. शिकवलं असशील तर मला कळवू नकोस. तुझ्या दादाने दुसरं लग्न केल्याचं कळलं तेव्हा मला काही म्हणजे काही वाटलं नाही. पण तुला कुणीतरी दुसरीच वहिनी मिळाली, ह्या विचाराने मी दोन दिवस धड जेवले नाही.

मी निघाले त्या दिवशी माझी बॅग तूच टॅक्सीत ठेवलीस. म्हणालीस, "दादाला लागेल गं. आता फोन नको." मी "बरं" म्हटलं. तेव्हा राग आला नाही. नंतर आला, आणि सडकून आला. घटस्फोट मी तुझ्या दादापासून घेतला. तुझ्याशी काडीमोड मी कधी मागितला होता? तो मला फुकटचा मिळाला, आणि कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

आता आडून आडून पुरे. मी लग्न करतेय. त्याच तरणतलाववाल्याशी. ह्या महिन्याच्या सत्तावीसला, शुक्रवारी, सकाळी अकराला, नोंदणी कार्यालयात. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. त्याच्याकडून दोन साक्षीदार, माझ्याकडून एक.

चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या कारकुनाने विचारलं, "वधूकडून कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नणंद."

त्याने ह्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे यांची बहीण."

"नाही. आधीच्यांची."

त्याने पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरची बाई खुर्चीसकट वळली. आमचा तरणतलाववाला छताकडे बघून हसू दाबत होता. कारकून शांतपणे म्हणाला, "कायद्याला चालेल, बाई. त्यांना चालेल का?"

मी म्हटलं, विचारून सांगते. म्हणून हे पत्र.

तू आलीस तर तुझ्या दादाला लागेल, हे मला कळतं. आईही बोलतील. लपून येऊ नकोस, येणार असलीस तर सगळ्यांना सांगून ये. आणि नाहीच जमलं, तर आमच्या लॅबमधल्या बाई सही करायला एका पायावर तयार आहेत. लग्न अडणार नाही. पण मला तिथे माझं माणूस हवंय गं. माझं माणूस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दुसरं कुणी येतच नाही, त्याला मी काय करू?

तिथे तुला विचारतील, वधूची तुम्ही कोण. काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याकडून मी काही बदललेलं नाही.

तुझी,
वहिनी