आई, तू त्या दिवशी चूल का पेटवलीस?

प्रिय आई,

सलाम.

आज दुपारी आपली खोली उघडली. तू गेल्यापासून मी नर्सेसच्या वसतिगृहातच राहत होते. ड्युटीचं कारण सगळ्यांना पटत होतं, मलाही पटत होतं. पण उद्या नाताळ. शेवंतामावशी सरळ इस्पितळाच्या फाटकावर आली आणि माझं मनगट धरून म्हणाली, "सणाच्या दिसाक आवशीची खोली काळोखात ठेवतलंस गो?" मग आले.

कुलूप काढलं, केर काढला, पाणी भरलं. मग करायला काही उरेना. तुझ्याशी बोलल्याशिवाय या खोलीत बसवत नाही, म्हणून कागद घेतला. तुला वाचता यायचं ते फक्त पवित्र शास्त्र, तेही ओळीवर बोट ठेवून, पुटपुटत. म्हणून अक्षर मोठं काढतेय बघ. हसू नकोस!

आई, तुझ्यावर माझा राग आहे. तो आधी सांगून टाकते. एवढी कसली घाई होती तुला जायची? लेकीच्या हातचा एक चहा तरी सुखानं बसून प्यायला हवा होतास.

बाबा गेले तेव्हा मी रांगत होते आणि दादा नुकता शाळेत जायला लागला होता. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं बाबांची छाती खाल्ली, असं तू सांगायचीस. नगरकडून मामा आपल्याला न्यायला आला होता म्हणे. तू त्याला जेवायला वाढलंस आणि म्हणालीस, "पोरांची शाळा हितं हाय. मी न्हाई यायची." आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभी राहिलीस. दिवसभर तुटलेलं सूत जोडायचं, बॉबिन भरायचे. तिथंच तुला शेवंतामावशी भेटली. ती मालवणची, तू नगरची. एकमेकींची बोली निम्मीच कळायची, तरी दोघी सारख्या हसत असायच्या!

मग नवीन मशिनं आली आणि खात्यातल्या बायका घरी बसल्या. तो दिवस मला चांगला आठवतो. तू आलीस, हातपाय धुतलेस आणि रोजच्यासारखी आम्हा दोघांना घेऊन प्रार्थनेला बसलीस. प्रभूचे आभार मानलेस. मला इतका संताप आला! "आई, काम गेलं ना? मग आभार कसले?" तू डोळेसुद्धा उघडले नाहीस. "आजपतूर खाल्लं त्याचे," म्हणालीस.

याच खोलीत खानावळ काढलीस. चाळीत एकटे राहणारे गिरणी कामगार काय कमी होते? पण येणार कोण? समोरच्या खोलीत राहणारा साताऱ्याचा बाजीराव तोंडावर म्हणाला होता, "वैनी, तुम्ही मान्सं चांगली. पण किरिस्तावाच्या हातचं खाल्लं म्हणून गावाकडं कळलं तर घरात घ्यायचे न्हाईत मला." तू त्याच्यावर रागावली नाहीस. आपल्याच ख्रिस्ती मंडळीतले नगरचे एक-दोघं तेवढे यायचे. तरी रोज तू टोपलीभर भाकरी थापायचीस. दादा चिडवायचा, "कुणासाठी गं एवढं?"

"येतील."

"कधी?"

"त्ये मला काय ठावं? पन आले आन् भाकर नसली तर?"

उरलेल्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी आपण तिघं कुस्करून खायचो. दादा म्हणायचा, आपल्या घरी रोजच मेजवानीनंतरचा दिवस असतो!

दादाबद्दल लिहायला गेलं की हात थांबतो. पण लिहिते. त्याच्याबद्दल तुझ्याशी नाही बोलायचं तर कुणाशी?

त्याचा आवाज आठवतो ना? देवळात त्यानं गीत उचललं की पेटीवाल्याला मागून धावत यावं लागायचं. तोच आवाज मग लालबागच्या गल्लीतल्या सभांमधून ऐकू यायला लागला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! डफ घेऊन उभा राहायचा आणि सगळी गल्ली त्याच्यामागे म्हणायची. आपल्या देवळाच्या पाळकसाहेबांना ते आवडलं नाही. "दाविद, आपण थोडे लोक. राजकारणात पडू नये," म्हणाले. आणि नाक्यावरची पोरं उलटं बोलायची, "तुम्ही तर गोऱ्यांच्या देवाचे. तुमचा कसला महाराष्ट्र?"

दादा घरी येऊन हसत सांगायचा. एकदाच हसला नाही. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाला, "आई, प्रभू माझ्याशी मराठीतच बोलतो. दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलला असता तर मला कळलं तरी असतं का?" तू त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलंस. तुझं उत्तर नेहमी असंच असायचं.

मग ते जानेवारीतले दिवस आले. संचारबंदी, गल्लीच्या तोंडाशी जळके टायर, डोळे चुरचुरणारा धूर. दादा खाली उतरला तेव्हा तू भाजी चिरत होतीस. "आलोच," म्हणाला. तू मान वर करून बघितलं नाहीस. आई, ही गोष्ट तू मला कितीदा बोलून दाखवलीस! मान वर केली असती तर काय झालं असतं गं? थांबला असता का तो?

गोळीबाराचा आवाज इथपर्यंत आला. थोड्या वेळानं बाजीराव आणि चौघंजण एका फळीवर घालून त्याला घेऊन धावताना गॅलरीतून दिसले. तू अनवाणी त्यांच्यामागे पळालीस. परळच्या इस्पितळात सकाळपर्यंत होता. शेवटी तुझ्याकडे पाणी मागितलं, डॉक्टर नको म्हणाले, आणि तू नुसतं बोट ओलं करून त्याच्या ओठांवरून फिरवत राहिलीस.

संचारबंदीत मंडळीतली माणसं येणार कशी? भायखळ्याचे, माहीमचे सगळे अडकले. पाळकसाहेब परवाना काढून एकटेच चालत आले. दादाची शवपेटी उचलायला आपली माणसं नव्हती. बाजीराव पुढे झाला, चाळीतले गडी पुढे झाले. शिवडीच्या दफनभूमीच्या वाटेला लागलो आणि बाजीरावाच्या तोंडून सवयीनं रामाचं नाव निघालं. निघालं आणि तो एकदम गप्प झाला. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. पाळकसाहेब खाली बघत होते.

तू म्हणालीस, "म्हना. देवाचंच नाव घेताय ना? म्हना!"

पण कुणाच्या तोंडून आवाज फुटेना. मग पाळकसाहेबांनीच दादाचं आवडतं गीत सुरू केलं आणि ती सातारची, कोकणातली माणसं, शब्द येत नव्हते तरी, चालीवर गुणगुणत शिवडीपर्यंत आली.

शेवंतामावशी घरी पेज घेऊन बसली होती. "खाल्ल्याशिवाय उभी कशी रवतलंस गो रत्ना? रडान तरी घे!" तू खाल्लं नाहीस आणि रडलीही नाहीस. भिंतीला टेकून बसलीस ती बसलीस.

आणि तिसऱ्या दिवशी तू उठून चूल पेटवलीस.

आई, का पेटवलीस? आजूबाजूच्या घरांत असं घडलं की कितीतरी दिवस चूल पेटत नाही. आपल्याकडे तसं बंधन नाही हे मलाही माहीत आहे. पण दादाची चादर अजून दोरीवर होती! मला त्या पिठाचा वास सहन होईना. तू मात्र भाकरीमागून भाकरी थापत होतीस. मग दारात जाऊन उभी राहिलीस. बाजीराव गॅलरीत गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

"बाजीराव, जेवला का?"

"वैनी, आज तुमच्या घरात…"

"जेवला का, त्ये इचारलं."

दंगलीपायी तो जेवायचा ती खानावळ बंद होती, सगळ्याच बंद होत्या. चाळीतल्या एकट्या माणसांच्या पोटात दोन दिवस चहापलीकडे काही नव्हतं.

"मंग बसा. त्या समद्यांना बी बोलवा."

आले, आई. सगळे आले. मांडीला मांडी लावून बसले. ज्या बाजीरावानं आपल्या हातचं नको म्हटलं होतं त्यानं पहिला घास घेतला आणि तो घास तोंडात तसाच ठेवून तो लहान मुलासारखा रडला. तू त्याच्या पाठीवरून हात फिरवलास. मी कोपऱ्यातून बघत होते. माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवायचा होता?

त्या दिवसापासून आपली खानावळ चालली. चालली कसली, धावली! शेजारची खोली घ्यावी लागली. शेवंतामावशी तुझ्या जोडीला आली. लोक परळहून, घोडपदेवहून रत्नाबाईंच्या हातचं खायला यायला लागले. तुला हवं होतं ते सगळं झालं. माझं नर्सिंगचं शिक्षण झालं, माझ्या अंगावर पांढरा गणवेश आला. पण आपलं बरं झालं ते दादाच्या जाण्यानंतर झालं, हे मला आजही गिळवत नाही.

तुला गिळवत होतं का? मला वाटायचं, हो. तू दर रविवारी स्वच्छ लुगडं नेसून देवळात जायचीस, गीतं म्हणायचीस. मला वाटायचं, आईचं काळीज झालंय तरी कसलं!

दादा गेला त्याच वर्षीचा ईस्टर, पुनरुत्थानाचा रविवार. उपासना संपली, माणसं एकमेकांना शुभेच्छा देत बाहेर पडली. तू दिसेनास म्हणून मी आत आले. तू पुढच्या बाकाशी एकटीच उभी होतीस. आधी वाटलं, प्रार्थना करतेस. मग तुझा आवाज ऐकू आला. नळावर भांडताना असायचा ना, तो आवाज!

"तुजं लेकरू तिसऱ्या दिशी माघारी आलं. माजं कुठंय? मीबी तिसऱ्या दिशी वाट बघितली. चूल पेटवून बसले, वाटलं भुकेजून येईल. कोन आलं? पंगत आली! पंगत मागितली व्हती मी, खरं हाय. पन असली? ह्यासाठी घेतलास का माजा दाविद?"

आई, मी दाराला धरून उभी राहिले. मला वाटलं, आता तू तिथून निघशील ती परत कधी देवळात पाय ठेवणार नाहीस.

तू पुढच्या बाकावर हात टेकलास. मग हळूच म्हणालीस, "बोल की काईतरी. तुला सोडून जाऊ तरी कुठं?" आणि खाली बसून रडलीस. त्या गोळीबारानंतर पहिल्यांदा.

मी तुला हाक मारली नाही. बाहेर येऊन उभी राहिले. तू आलीस, पदरानं तोंड पुसलंस. "चल, पीठ मळायचंय," म्हणालीस. आपण त्याबद्दल कधीच बोललो नाही. आज पहिल्यांदा बोलतेय.

चार वर्षांनी महाराष्ट्र झाला तोही रविवारच होता. सगळ्या गिरणगावात तोरणं, गुलाल, ढोल! तू सकाळी देवळात जाऊन पाळकसाहेबांसमोर उभी राहिलीस. "साहेब, आज प्रार्थनेत माज्या पोराचं नाव घ्या." मग त्यांनी नव्या राज्यासाठी प्रार्थना केली आणि सगळ्या मंडळीसमोर दाविदचं नाव घेतलं. पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. संध्याकाळी बाजीराव आपल्याला शिवाजी पार्कला घेऊन गेला. एवढी रोषणाई, एवढी माणसं! तू मला म्हणालीस, "मिळालं गं त्याला पायजे व्हतं त्ये." आणि थोड्या वेळानं, "चल घरी. माज्याच्यानं बघवत न्हाई."

त्यानंतर तू थकलीस. मला दिसत होतं. "छातीत दुखतं का?" विचारलं की म्हणायचीस, "तू नर्स झाल्यापासून मला समदंच दुखतं!" दवाखान्यात चल म्हटलं की तुझी पंगत असायची.

त्या दुपारी सगळ्यांची जेवणं उरकून तू भिंतीशी बसलीस आणि मावशीला म्हणालीस, "जरा पाठ टेकते." बस. एवढंच. मावशी चहा घेऊन आली तेव्हा तू नव्हतीस. आणि मी? मी वॉर्डात दुसऱ्या कुणाच्या तरी आईची नाडी धरून उभी होते! ती बाई बरी होऊन घरी गेली. जाताना तिनं माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, तुझ्या आईनं तुला किती चांगलं वळण लावलंय. मी हसले. दुसरं काय करणार?

आता मावशी दारात येऊन गेली. बाजीराव आणि बाकीचे विचारताहेत, उद्या नाताळचं जेवण होणार का. ती रांधायला तयार आहे. जेवणाआधीची प्रार्थना मात्र तुझ्या घरच्यानंच म्हणायला हवी, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तू प्रार्थना करताना ही माणसं भरल्या ताटावर हात आखडून बसायची, आमेन ऐकल्याशिवाय घास घ्यायची नाहीत, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं; पंगतीच्या वेळी मी शाळेत नाहीतर ड्युटीवर असायचे. मी हो म्हटलंय. शब्द सापडतील की नाही, ठाऊक नाही.

आई, तुझ्याइतका विश्वास माझ्यात नाही. येईल असंही खोटं सांगणार नाही. तुम्हा दोघांना नेलं त्याबद्दल मी प्रभूला विचारत राहीन, आणि कदाचित त्याचं उत्तर मला कधीच ऐकू येणार नाही. पण एक वचन देते. मी त्याच्यावर रागावेन, रुसेन, कितीतरी दिवस त्याच्याशी बोलणार नाही. पण त्याचं घर सोडून जाणार नाही.

दादाला जवळ घे.

तुझी पोरकी लेक,
करुणा