कुंपणावरच्या वेलीचा पाला आणि माझे घर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, कर्करोगाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गेल्या महिन्यापासून मला स्वतःला तशी खात्री वाटत नाही. पण दाखला त्यांचा चालतो.

१. माझे दोन खोल्यांचे घर सामानासकट धाकट्या बहिणीला द्यावे. शिलाईयंत्रही तिलाच. ते तिने पंधरा वर्षांपूर्वी नेले ते नेलेच, तेव्हा ही निव्वळ औपचारिकता.

२. बँकेतली ठेव यात धरू नये. बहिणीच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेसाठी मी ठेव मोडली. बाईसाहेब मात्र शस्त्रक्रिया टाळून रोज वाटीभर पाल्याचा काढा पितात. पाला कुंपणावरच्या वेलीचा, माझ्याच प्रयोगातला.

“ताई, तूच सांगितलं होतंस ना, तसल्या पेशी पटापट मेल्या म्हणून?”

“प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतल्या मेल्या, बाई. त्या साबणाच्या पाण्यानेही मरतात.”

“मग आठवडाभर मिरवत का होतीस?”



३. प्रयोगाची वही बहिणीला. पान बेचाळीस तिने माझ्या हयातीतच, माझ्यादेखत वाचावे. पाल्याचा अर्क आम्ही स्पिरिटमध्ये विरघळवत असू. म्हणून शेजारी नुसत्या स्पिरिटची एक बशी लावायची असते. पेशी पाल्याने मेल्या की स्पिरिटने, ते तिच्यावरून कळते. त्या दिवशी ती बशी लावायची मी विसरले आणि तिच्या जागी मागच्या आठवड्याचा आकडा लिहून मोकळी झाले. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी चूक उभे राहून कबूल करायला शिकवले होते. मी बसून राहिले.

आता पाला खोटा म्हणावा, तर तसा पुरावा नाही. खरा म्हणावा, तर तोही नाही. बावीस वर्षे मी त्या पेशींना खाऊपिऊ घातले, आणि सख्ख्या बहिणीला काय सांगावे ते मला कळत नाही. एवढेच कळते की गाठ वाढते आहे आणि सर्जनने सोमवार दिला आहे.

४. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना काहीही देऊ नये. पाल्यावरच्या छापील निबंधात त्यांनी माझे आभार माळ्याच्या खाली मानले. पान बेचाळीसची प्रत मात्र मी त्यांना टपालाने पाठवली आहे. आता त्यांनी उभे राहावे.

५. वकील म्हणतात, वारस आधी गेल्यास घर कोणाला, हे लिहावे लागते. “मॅडम, कोरं ठेवून चालत नाही.” मी तीनदा लिहायला बसले. चुलतभाऊ आहे, टपलेलाच आहे. पण त्याचे नाव लिहिणे म्हणजे तिच्या काढ्याला माझी संमती. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे; आधी जाण्याचा मान माझा आहे आणि तो मी सोडलेला नाही. कलम कोरे ठेवले आहे. सोमवारी ती शस्त्रक्रियेला गेली, तर मंगळवारी भरीन. नाही गेली, तर हे सगळे मी कोणासाठी लिहिले, ते मला सांगता येणार नाही.

साक्षीदार:
तळमजल्यावरचा चष्मेवाला
समोरच्या दारातील निवृत्त मुख्याध्यापिका (फक्त सही करा म्हटले, तरी दोन स्वल्पविराम घातले)

सही: घराची मालकीण, बहिणीची ताई
ठिकाण: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
तारीख: सात, शुक्रवार