चांदण्या दिसणारं छप्पर

ती. आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं, उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस.

सध्या इथे चौकात लाकडी झोपडी उभारतोय. ज्यू लोकांच्या एका सणात घराबाहेर अशी झोपडी बांधून आठवडाभर तिच्यात जेवतात. त्यावरून एका कलाकार बाईंनी शहरातल्या लोकांसाठी ही मोठी झोपडी रचलीय. मी सवयीने छपरावर फांद्या अशा गच्च बसवल्या की थेंब आत येईल तर शपथ! बाई वर बघून हसल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, यातून चांदण्या दिसायला हव्यात. नाहीतर ती झोपडी होतच नाही."

मग निम्म्या फांद्या काढल्या. आता लोक आत उताणे पडून वर बघतात आणि खूश होतात.

आपलं छप्पर नेमकं तुझ्या खाटेवर गळतंय, हे धाकटीकडून कळलं. दादाला सांगू नकोस म्हणालीस म्हणे. अगं, सांगून तरी मी काय करणार? काम संपेपर्यंत सुट्टी नाही. हाडाचा सुतार मी, आणि इथे भरपगारी भोकं पाडतोय.

खाट सरकवत सरकवत एव्हाना भिंतीला टेकली असेल. आता कुठे सरकवतेस गं?

तुझा,
थोरला