तुरुंगात शिकलेले पाव

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

तुळिंजला सोनसाखळी, नायगावला बंद फ्लॅट, स्टेशनबाहेर दोन मोबाईल. माझ्या बातम्या जेवणाआधीच संपल्या. केनी सर — आमच्या साप्ताहिकाचे संपादक — म्हणाले, "ज्ञानदा, चोर आत गेला की तुझी बातमी संपते. आतलं कधी लिहिणार? राज्यातल्या तुरुंगांचा इतिहास कर." मी! इतकी वर्षं गुन्हे लिहितेय, तुरुंग बाहेरूनसुद्धा नीट पाहिलेला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

वाचायला घेतलं आणि सोडवेना. ठाण्याचा तुरुंग मुळात किल्ला — बांधायला घेतला पोर्तुगीजांनी, कैदी कोंडले इंग्रजांनी. आणि पुढं तर भिंत नसलेले तुरुंगही झाले — खुली कारागृहं. चांगल्या वागणुकीचे कैदी तिथं मोकळ्यावर शेती करतात.

ॲलिस्टरला फोनवर सांगितलं. शाळेतला मित्र, पापडीत त्याची बेकरी. म्हणाला, "मग आमच्या एकनाथकाकांनाच विचार ना. ते होते तिथे."

८ फेब्रुवारी, शनिवार

ॲलिस्टरच्या बेकरीत पाव करणारे एकनाथकाका साठीपुढचे. कोपरापर्यंत मैदा. तरुणपणी गावात पाटाच्या पाण्यावरून भांडण, हातात कोयता, समोरचा मेला. जन्मठेप. सांगताना हात थांबले नाहीत. पाव करायला तुरुंगात शिकले. शेवटची वर्षं खुल्या कारागृहात, तिथंही भट्टी त्यांच्याकडेच.

"भिंत नव्हती तर पळालात का नाही?"

"पीठ भिजवून ठेवलेलं असायचं, ताई. टाकून कसं जाणार?"

मला हसू आवरेना. पाव न्यायला आलेल्या लूर्डस आंटी विचारू लागल्या, काय झालं? काकांनी त्यांनाही सगळं सांगून टाकलं. आंटींनी पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं तुझा पाव खातो आमी. आज सांगतोस?" आणि नेहमीपेक्षा अर्धा डझन जास्त नेले.

नाव छापू का, विचारलं. "छापा. लपवायचा कंटाळा आला."

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेख दिला. सरांनी एक ओळही कापली नाही! घरी येताना श्रीखंड आणलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अंक आला. सकाळी बेकरीत गेले तर काका भट्टीमागे बसलेले. गिऱ्हाईक येईल की नाही, हीच धाकधूक. आलं की! एक गृहस्थ बेकरीच्या नावाची पाटी वाचून तसेच परत फिरले, ते काकांनी पाहिलं. बाकी दुपारपर्यंत पाव संपले. ॲलिस्टर दुसरा घाणा लावायला सांगत होता. काका पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मी बेकरीत असताना सफाळ्याहून एक बाई आल्या. हातात आमचा अंक. लिहिणारी मीच, हे कळल्यावर म्हणाल्या, "मी यमुना. माझ्या भावाचं नाव आत्माराम. तुम्ही नुसतं 'एका इसमाचा मृत्यू' लिहिलंय."

काका ओटा धरून उभे. मग त्यांनी स्टूल पुसलं, बाईंच्या पुढं ठेवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसले.

बाई बसल्या. मला म्हणाल्या, "घ्या लिहून. तो कसा होता ते सांगते."