एकशे अठराचा पाक

२ डिसें. १९९८
विज्ञान निबंध स्पर्धेसाठी 'अणुऊर्जा' लिहून दिला. पाच पानं, सगळी गाईडातली. शिंदेबाईंनी पहिलं पान वाचून वही मिटली. "यात तुझं काय आहे गं? तुझे वडील गुऱ्हाळावर गुळव्या आहेत ना? त्यांना विचार जा." नववीच्या अख्ख्या वर्गासमोर. मेले लाजेनं.

५ डिसें.
गुऱ्हाळावर गेले. पाक झाला की नाही हे तिथं आण्णाच ठरवतात. गरम पाक वाटीतल्या पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची, की "उतरा!" काहील खाली. कसं कळतं, विचारलं. "कळतंय." पण कसं? "बोटाला कळतंय की सुमे! घाल तसंच निबंधात." झालं. एका ओळीचा निबंध.

९ डिसें.
आज वाटोळं केलं. शाळेचा थर्मामीटर मागून आणला. आण्णा म्हणाले, "काच काहिलीत न्हाय घालायची. पातेल्यात घाल." नशीब! ११० पर्यंतच आकडे होते, मी बघितलंच नाही. पारा वर वर गेला आणि टच्. काच फुटून पारा पाकात सांडला, म्हणून पातेलं पाकासकट पुरून टाकलं. आईचं आवडतं पातेलं. आण्णा ओरडले नाहीत, म्हणून जास्तच रडू आलं.

१० डिसें.
आण्णा शाळेत! पाकाचे डाग पडलेला सदरा, हातात गुळाची छोटी ढेप. "बाई, काच माझ्या हातनं फुटली. पोरीला बोलू नगासा." खोटारडे माझे आण्णा. बाई हसल्या. मला म्हणाल्या, "खरं काय झालं ते निबंधात लिही."

२० डिसें., रविवार
बाई कॉलेजातून मोठा थर्मामीटर घेऊन स्वतः आल्या. आण्णा आकड्यांकडं पाठ करून बसले. मी वाटीत पाक द्यायचा, त्यांनी गोळी वळायची. दिवसभरात तीन काहिली. "आता!" म्हणाले तेव्हा ११८. मग ११७. मग परत ११८. बाईंनी तिन्ही आकडे परत परत तपासले. आण्णा घाबरून, "चुकलं व्हय काय?"
चुकलं म्हणे!

२७ डिसें.
निबंध पुरा. अर्जात रकाना: मार्गदर्शक शिक्षक. बाई म्हणाल्या, "वडिलांचं नाव घातलंस तर बाद करतील कदाचित. विचार कर." केला. 'शिक्षक' खोडलं, आण्णांचं नाव घातलं. शिक्षण: चौथी. बक्षीस पाहिजे, फार पाहिजे. पण तरीही. टाकला पोस्टात.

१९ जाने. ९९
निकाल नाही. पोस्टमन आला, शेजारी गेला. आण्णा रोज विचारतात, "काय म्हणत्यात गं तुझं परीक्षक?" काय सांगू?
संध्याकाळी गुऱ्हाळावर उसाचे मालक घाई करत होते, उतरा, उतरा. आण्णांनी गोळी वळली. "दम धरा पावणं. एकशे पंधरा हाय." जरा वेळानं परत वळली, माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "एकशे अठरा! उतरा!"
थर्मामीटर कॉलेजात परत जाऊन महिना होत आला.