हिमनदीपर्यंत चालत

४ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू मुक्कामी पोचशील तेव्हा हे पत्र तिथे हजर असेल. निघताना दिलेलं बंद पाकीट आठवणीने वाटाड्याला दे. ओळखीची चिठ्ठी आहे. सहलीतले बाकीचे हिमनदी बघायला गेले तरी तू खोलीत आराम कर. पासष्टी उलटली, गुडघा कुरकुरतो, उगाच पराक्रम नको. परत आलीस की तुझं शिलाईचं दुकान बंद करू. आमच्याकडची मागची खोली तुझ्यासाठी रंगवून ठेवली आहे. हिने दिलेला स्वेटर घालत जा.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो कमी करू नये.

तुझा,
भाऊ

११ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत दोन धपाटे.

दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही, ही आपल्या घरची शिस्त. म्हणून पाकीट जसंच्या तसं वाटाड्याच्या हातात ठेवलं. त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं: बहिणीला चालवत नाही, हट्ट केला तरी नेऊ नये. रिटायर झालास तरी हेडक्लार्कच तू, खाली शिक्का मारायचा तेवढा राहिला होता. बारा जण माझ्या पायांकडे बघायला लागले. मला इतका संताप आला की चहा तसाच राहिला.

वाटाड्या म्हणाला, तीन तासांची चढण आहे, मध्येच थकलात तर सगळ्यांना परतावं लागेल. मी त्याला सांगितलं, “चाळीस वर्षं मशीन याच पायांनी चालवलंय. मी येणार.”

गुडघा दुखला, खोटं कशाला सांगू. दोनदा दगडावर बसले. शेवटच्या चढावर रडूच आलं, पण पाय उचलत राहिले. सगळ्यांच्या मागून पोचले, पण पोचले. बर्फाची कड मळक्या अस्तरासारखी निघाली. भेगांच्या आत मात्र निळीशार. हात टेकवला तर बोटं बधिर झाली. तिथे उभी राहून तुझ्यावर मनसोक्त चिडून घेतलं.

काळजीपोटी लिहिलंस, कळतं मला. पण माझ्या पायांचा निकाल मला न विचारता लावलास आणि माझ्याच हाताने पाठवलास, हे फार लागलं.

मागच्या खोलीत तुझी पुस्तकं ठेव. मी आले की दुसऱ्याच दिवशी दुकान उघडणार. तुझ्याकडे रविवारी जेवायला येईन, पाहुणी म्हणून. चालत येईन, आणि जेवून चालत माझ्या घरी जाईन.

माया होती तेवढीच आहे, तीत काटछाट नाही.

तुझी,
अक्का